उपकाराचे ओझे



गेल्या वर्षी १२ जूनला आमच्या प्रयोगशाळेतील एका फिलिपिनो सहकारी बाईंनी घरून तांदळाच्या पिठाचा गोड पदार्थ करून आणला. "आज आमचा स्वातंत्र्यदिन," त्या म्हणाल्या. मी सहज विचारले, "स्पेनपासून ना?" त्या हसल्या. "स्पेनपासून घोषणा केली १८९८ मध्ये. प्रत्यक्षात मिळालं १९४६ मध्ये, आपल्याकडून." 'आपल्याकडून' म्हणताना त्यांनी आधी स्वतःकडे आणि मग माझ्याकडे बोट दाखवले.

ते बोट मला लागले. अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेऊन मला बरीच वर्षे झाली. तरी साम्राज्यवादाचा विषय निघाला की मी आपोआप पीडितांच्या बाकावर जाऊन बसतो. आपल्यापैकी बहुतेकांचे असेच होत असावे. म्हणून हा लेखनप्रपंच.

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. तिच्यावरील अडीचशेहून अधिक खलाशी मेले. दोष स्पेनवर आला आणि एप्रिलमध्ये युद्ध सुरू झाले. (१९७६ मध्ये अमेरिकन नौदलाच्याच अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांनी नव्याने तपास केला, तेव्हा स्फोटाचे कारण जहाजाच्या आतच, बहुधा कोळशाच्या कोठारातील आगीत, असावे असा निष्कर्ष निघाला.) डिसेंबरमध्ये पॅरिसच्या तहाने पोर्टो रिको, ग्वाम आणि फिलिपाइन्स अमेरिकेकडे आले. फिलिपाइन्ससाठी स्पेनला दोन कोटी डॉलर दिले गेले. तहाच्या टेबलावर एकाही फिलिपिनो माणसाला खुर्ची नव्हती.

वास्तविक तोपर्यंत एमिलियो अगिनाल्दो यांनी स्वातंत्र्य जाहीर केले होते. जानेवारी १८९९ मध्ये मालोलोस येथे राज्यघटनेसह प्रजासत्ताक स्थापन झाले. फेब्रुवारीत त्याच प्रजासत्ताकाशी अमेरिकेचे युद्ध जुंपले. ४ जुलै १९०२ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांनी ते संपल्याचे जाहीर केले, तोवर चार हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक आणि वीस हजारांहून अधिक फिलिपिनो लढवय्ये मेले होते. हिंसा, उपासमार आणि रोगराईने मेलेल्या नागरिकांची संख्या दोन लाखांपर्यंत असावी, असे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा इतिहास विभागच म्हणतो. या धोरणाला राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी दिलेले नाव होते 'परोपकारी सामीलीकरण'!

हाच विचार पद्यात मांडणारा कवी आपल्या मुंबईत जन्मलेला होता. जे. जे. कला विद्यालयाच्या आवारात १८६५ साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने 'गोऱ्या माणसाचे ओझे' ही कविता फेब्रुवारी १८९९ मध्ये प्रसिद्ध केली, ती खास अमेरिकेला फिलिपाइन्सबाबत उपदेश करण्यासाठी. त्या आधी दोनच वर्षे पुण्यात प्लेगच्या निमित्ताने सैनिक घराघरांत घुसत होते, रँडचा खून झाला होता आणि टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले होते. ते ओझे ज्यांच्या पाठीवर होते त्यांना कविता लिहायला कोणी सांगितले नव्हते.

आता एक प्रामाणिक आक्षेप. आपल्याच मंडळींकडून तो मी अनेकदा ऐकला आहे. "अहो, पण अमेरिकेने शाळा काढल्या, रस्ते बांधले, रोगराई हटवली. आणि शेवटी स्वातंत्र्यही दिले. ब्रिटिशांपेक्षा बरेच की!"

यातले बरेचसे खरे आहे. १९०१ पासून शेकडो अमेरिकन शिक्षक फिलिपाइन्समध्ये गेले. १९०७ मध्ये तिथे निवडून आलेली विधानसभा बसली. माझ्या क्षेत्रातले उदाहरण घ्यायचे तर हवानातील पीतज्वर अमेरिकन लष्कराच्या डॉक्टरांनी आटोक्यात आणला, हे वैद्यकशास्त्रातले मोठे यश आहे. मात्र डास हा रोग पसरवतो ही कल्पना कार्लोस फिनले या क्यूबन डॉक्टरने १८८१ मध्येच मांडली होती. वॉल्टर रीड यांच्या पथकाने १९०० मध्ये ती सिद्ध केली. कल्पना 'मागासलेल्या' देशाची आणि कीर्ती सैन्याची.

विज्ञानाची दुसरी बाजूही आपणच सांगायला हवी. १९०६ मध्ये रिचर्ड स्ट्राँग या अमेरिकन शास्त्रज्ञाने मनिलाच्या बिलिबिड तुरुंगात २४ कैद्यांना पटकीची प्रायोगिक लस टोचली. लसीत प्लेगचे जंतू मिसळले गेले होते. १३ कैदी मेले. पुढे स्ट्राँग हार्वर्डमध्ये उष्णकटिबंधीय रोगांचे प्राध्यापक झाले. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे आणि ती आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन आपल्याला परिचित आहेत. प्रश्न लसीच्या बाजूचा किंवा विरोधाचा नाही. स्वतःचा दंड पुढे करणारा शास्त्रज्ञ आणि परक्या राजवटीच्या तुरुंगातला कैदी यांच्या 'हो'ला सारखेच वजन कसे देता येईल?

शाळा-रस्त्यांच्या युक्तिवादात मला शास्त्रज्ञ म्हणून आणखी एक खोट दिसते. त्यात 'कंट्रोल' नाही. अमेरिका आली नसती तर काय झाले असते, याच्याशी तुलनाच केलेली नाही. मालोलोसच्या राज्यघटनेत सक्तीच्या व मोफत शिक्षणाचे कलम होते. तो प्रयोग पहिल्याच महिन्यात बंदुकीने बंद पाडायचा आणि मग म्हणायचे, बघा, आमच्याशिवाय यांना शाळा कोण देणार होते? इंग्रजांनी रेल्वे दिली, हे ऐकून आपल्याला जो राग येतो तो याच कारणाने येतो. मग इथे तो का येऊ नये?

ही केवळ जुनी कथा असती तर मी आपला वेळ घेतला नसता. १९०१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की पोर्टो रिको अमेरिकेच्या मालकीचे आहे, पण राज्यघटनेच्या दृष्टीने पूर्णपणे अमेरिकेचा भाग नाही. त्या मालिकेतले निकाल आजही रद्द झालेले नाहीत. २०२२ मध्ये न्यायमूर्ती गॉर्सच यांनी ते रद्द व्हावेत असे स्पष्ट लिहिले, तरीही. पोर्टो रिकोत राहणारे तीस लाखांहून अधिक अमेरिकन नागरिक राष्ट्राध्यक्षासाठी मत देऊ शकत नाहीत. म्हणजे ग्रीनकार्डच्या रांगेतून नागरिक झालेला, नाशिक-साताऱ्याचा माणूस न्यू जर्सीत मत देतो, आणि जन्मतः नागरिक असलेला सान हुआनचा माणूस देऊ शकत नाही. जानेवारी २०२५ मधील शपथविधीच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मॅकिन्लींचा गौरव केला आणि पनामा कालवा परत घेण्याची भाषाही केली. मॅकिन्लींचे शतक संपले असे समजणाऱ्यांनी ते भाषण जरूर वाचावे.

आणि आपला संबंध काय? २ जुलै १९४६ रोजी लूस-सेलर कायद्यावर सही झाली. त्या कायद्याने भारतीयांना अमेरिकन नागरिक होण्याचा हक्क आणि वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. त्याच कायद्याने फिलिपिनोंनाही तेवढेच मिळाले. जवळपास अर्धे शतक अमेरिकन झेंड्याखाली राहूनही त्यांना आपल्याच रांगेत उभे राहावे लागले होते! ही ओळख आपण विसरलो आहोत.

अमेरिकेवर टीका म्हणजे कृतघ्नपणा, असे काहींना वाटते. १९०१ पासून मार्क ट्वेन साम्राज्यवादविरोधी लीगचे उपाध्यक्ष होते. हार्वर्डचे विल्यम जेम्स आणि उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीही लीगमध्ये होते. ते सारे अमेरिकनच होते, आणि त्या अमेरिकेचाही वारसा आपण शपथ घेताना स्वीकारला आहे.

तेव्हा दोन साध्या गोष्टी सुचवतो. मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात फिलिपाइन्सच्या युद्धाला किती ओळी आहेत त्या मोजा, आणि रविवारच्या मराठी शाळेत चापेकरांची गोष्ट सांगताना शेजारी अगिनाल्दोंचीही सांगा. दुसरे, पोर्टो रिकोच्या मताधिकाराबद्दल त्यांची भूमिका काय, हे आपल्या लोकप्रतिनिधींना लेखी विचारा. आपल्याला मत आहे म्हणून ते आपले पत्र वाचतील.

येत्या १२ जूनला प्रयोगशाळेत काहीतरी गोड करून नेण्याची पाळी माझी आहे.