माजी सैनिकांच्या दवाखान्याला वैद्यकीय प्रमुख हवा

लष्करातला शिपाई बहुधा चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. सेवेत असताना त्याच्याभोवती ठरावीक वैद्यकीय तपासणी, युनिटचा डॉक्टर आणि लष्करी रुग्णालय अशी पक्की साखळी असते. घरी परतला की ती साखळी सुटते आणि हाती एक कार्ड येते. ते माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘ईसीएचएस’चे. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी, हृदयविकार असे जे काही मागे लागेल, त्याचा भार या कार्डावर असतो. त्याच्या पत्नीचा आणि पुढे पतीच्या पश्चात तिच्या एकटीच्या आजारपणाचाही.

ही योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. आज तिच्यात ३० प्रादेशिक केंद्रे, चारशेहून अधिक पॉलीक्लिनिक आणि ६० लाखांहून अधिक लाभार्थी आहेत. अमरावती आणि अकोला येथेही पॉलीक्लिनिक आहेत. धारणी-चिखलदऱ्यापासून अकोट, मूर्तिजापूर, बार्शीटाकळीपर्यंतच्या माजी सैनिकांना ही दोन दारे जवळची. कामठीचे लष्करी रुग्णालय नागपूरच्याही पलीकडे. अमरावतीहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. सत्तरीच्या माणसासाठी हे अंतर आकड्यापेक्षा मोठे असते.

पॉलीक्लिनिकची रचना साधी आहे. वैद्यकीय अधिकारी, दंतवैद्य, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि कारकून. बहुतेक सगळे करारावर. दवाखान्याचा प्रमुख हा ‘ऑफिसर इन चार्ज’, म्हणजे सैन्यदलातील निवृत्त अधिकारी. तो डॉक्टर असावा अशी अट नाही, आणि कारभार पाहण्यासाठी तशी गरजही नाही. औषधांची मागणी, हजेरी, इमारत, तक्रारी ही कामे शिस्तीच्या अधिकाऱ्याला चांगली जमतात. छोट्या शहरांतील पॉलीक्लिनिकमध्ये विशेषज्ञ सहसा नसतो. रुग्णाला पुढच्या तपासणीची गरज वाटली की डॉक्टर ‘रेफरल’ देतो आणि रुग्ण मान्यताप्राप्त रुग्णालयात जातो.

या रचनेत एक जागा रिकामी आहे. इमारतीला प्रमुख आहे, बिलांना तपासणारा आहे, रेफरलवर सही करणारा आहे. उपचार चांगले होत आहेत की नाहीत, याला जबाबदार असा ज्येष्ठ डॉक्टर मात्र अमरावतीत नाही आणि अकोल्यातही नाही. प्रादेशिक केंद्रात आरोग्यसेवेचे काम पाहणारे अधिकारी असतात, पण ते नागपुरात. तिथून अकोटच्या रुग्णाची औषधांची पिशवी दिसत नाही.

पिशवीत काय असते

समजा, अकोला जिल्ह्यातील एक ६८ वर्षांचे निवृत्त हवालदार आहेत. पॉलीक्लिनिकमधून त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे, ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ या शेपटाच्या नावाची. नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञाने पायावरची सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणारी गोळी जोडली. गुडघे दुखतात म्हणून गावातल्या मेडिकलमधून ते अधूनमधून वेदनाशामक गोळी आणतात. तिन्ही गोळ्या आपापल्या जागी बरोबर आहेत. तिन्ही देणाऱ्यांनी चूक केलेली नाही.

पण मूत्रपिंडाच्या दृष्टीने हा तिहेरी घाव आहे. मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या जाळीत रक्त ठरावीक दाबाने यावे लागते. लघवीची गोळी शरीरातील पाणी कमी करते, वेदनाशामक गोळी जाळीकडे येणारी रक्तवाहिनी आकुंचित करते आणि रक्तदाबाची गोळी जाळीतून बाहेर पडणारी वाहिनी सैल करते. येणारी धार बारीक आणि जाणारी वाट मोकळी झाली की जाळीतला दाब पडतो आणि गाळण्याचे काम मंदावते. तब्येत ठीक असताना शरीर हे सांभाळून घेते. जुलाब झाले, ताप आला, पाणी कमी पडले की तोल जातो.

वऱ्हाडात हा तोल जायला फार वेळ लागत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो. दुपारभर शेतात किंवा बसस्थानकावर घाम गाळलेला माणूस संध्याकाळी त्याच तीन गोळ्या घेतो. त्यातच पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या भूजलातले क्षार आणि मूत्रपिंडाचे विकार ही या भागाची जुनी काळजी. मूत्रपिंड आधीच नाजूक असेल, तर एक कडक उन्हाळा पुरेसा होतो.

यावर उपाय महागडा नाही. उन्हाळ्याआधी अशा रुग्णांची यादी काढायची, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचे, वेदनाशामकाला पर्याय द्यायचा आणि जुलाब-उलट्या झाल्या तर कोणत्या गोळीबद्दल लगेच डॉक्टरांना विचारायचे, हे कागदावर मराठीत लिहून द्यायचे. (रुग्णाने आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नये, हेही त्याच कागदावर.) हे काम कोणाचे? रोजच्या रांगेत बसलेल्या करारावरच्या डॉक्टरचे म्हणावे, तर त्याच्यासमोर साठ रुग्ण आहेत आणि पुढच्या वर्षी तो तिथे असेल याची खात्री नाही. नागपूरच्या तज्ज्ञाचे म्हणावे, तर त्याच्यासमोर फक्त हृदय आहे. जे काम सगळ्यांचे असते, ते कोणाचेच राहत नाही.

डॉक्टर प्रमुख झाला की काय बदलते

माजी सैनिकांची सर्वांत मोठी आरोग्ययंत्रणा अमेरिकेत आहे. सुमारे ९० लाख नोंदणीकृत लाभार्थी आणि १७० च्या घरात रुग्णालये. तिथे प्रत्येक मोठ्या रुग्णालयात कारभारी संचालक वेगळा आणि ‘चीफ ऑफ स्टाफ’ म्हणजे वैद्यकीय प्रमुख वेगळा असतो. डॉक्टरांचे काम कसे चालले आहे, चुका कुठे होत आहेत, कोणत्या विभागात माणूस कमी आहे, याचे उत्तर या प्रमुखाने द्यायचे.

ही यंत्रणा कायम चांगली होती असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची अवस्था वाईट होती. जनरल ओमर ब्रॅडली यांनी सूत्रे घेतल्यावर डॉ. पॉल हॉली यांना वैद्यकीय प्रमुख नेमले आणि १९४६ पासून ही रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडली गेली. शिकवणारे आणि शिकणारे डॉक्टर आत आले, तसा दर्जा सुधारला. पुढे पुन्हा घसरण झाली. १९९४ मध्ये डॉ. केनेथ कायझर यांच्याकडे आरोग्यसेवेची धुरा आली. त्यांनी पाच वर्षांत देशभरातील रुग्णालये २२ विभागीय जाळ्यांत बांधली, खाटांवरचा भर कमी करून प्राथमिक उपचारांवर आणला आणि मोजमाप सुरू केले. किती रुग्णांना न्यूमोनियाची लस मिळाली, किती मधुमेहींचे डोळे तपासले गेले, किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आहे. २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बहुतेक निकषांवर ही सरकारी यंत्रणा ‘मेडिकेअर’ या वृद्धांसाठीच्या विमा योजनेतील उपचारांपेक्षा सरस ठरली.

याच यंत्रणेने दुसरा धडाही दिला आहे. २०१४ मध्ये ॲरिझोना राज्यातील फिनिक्सच्या रुग्णालयात प्रतीक्षेच्या गुप्त याद्या असल्याचे उघड झाले. रुग्णाला १४ दिवसांत भेटीची वेळ मिळावी, असे उद्दिष्ट होते. ते पूर्ण झाल्याचे दिसावे म्हणून रुग्णांची खरी प्रतीक्षा कागदावर येऊच दिली गेली नाही. हे बाहेर आणण्यात तिथूनच निवृत्त झालेले डॉ. सॅम फूट यांचा मोठा वाटा होता. त्या मे महिन्याच्या अखेरीस विभागाचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे नुसते पद आणि नुसते आकडे पुरत नाहीत. आकडे वाईट असतील तर ते वाईट आहेत, असे वरिष्ठांना सांगण्याची मुभा त्या पदाला असली पाहिजे. तशी मुभा नसलेला वैद्यकीय प्रमुख म्हणजे आणखी एक सही.

आपल्याकडची अडचण आणि तिचे उत्तर

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये ईसीएचएसवर स्वतंत्र अहवाल दिला. त्यात औषधांचा तुटवडा, मनुष्यबळाची कमतरता आणि बिलांच्या कामातील उणिवा यांवर बोट ठेवले होते. हे प्रश्न खरेच आहेत, आणि त्यांवर चर्चाही भरपूर होते. माजी सैनिकांच्या मेळाव्यात औषध मिळाले नाही, बिल अडकले, रुग्णालयाने कार्ड नाकारले, या तक्रारी प्रथम येतात. उपचारांच्या गुणवत्तेची तक्रार क्वचित येते, कारण ती रुग्णाला दिसत नाही. मूत्रपिंड हळूहळू निकामी होत असताना दुखत नाही. डायलिसिसची वेळ आली की रेफरल लगेच मिळते, बिलही मंजूर होते आणि योजनेने आपले काम केले असे सगळ्यांना वाटते.

आक्षेप असा येईल की साधे एमबीबीएस डॉक्टर करारावर मिळत नाहीत, तिथे ज्येष्ठ फिजिशियन कुठून आणायचा? आक्षेप रास्त आहे. म्हणून प्रत्येक पॉलीक्लिनिकला स्वतंत्र पद मागणे व्यवहार्य नाही. वऱ्हाडातील सगळ्या पॉलीक्लिनिकसाठी मिळून एक वैद्यकीय प्रमुख पुरे आहे. आठवड्याचे काही दिवस अमरावती, काही दिवस अकोला. निम्मा वेळ स्वतः गुंतागुंतीचे रुग्ण तपासायचे, निम्मा वेळ बाकीच्या डॉक्टरांचे काम पाहायचे. जो स्वतः रुग्ण तपासत नाही, त्याचे कनिष्ठ डॉक्टर ऐकत नाहीत, हा सर्वत्र अनुभव आहे.

माणसे मिळण्याच्या जागाही आहेत. सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेतून अनुभवी विशेषज्ञ दरवर्षी निवृत्त होतात. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे आणि आता शासकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. तिथले निवृत्त प्राध्यापक घरी बसलेले असतात. हॉली यांनी १९४६ मध्ये जी गाठ मारली, ती इथे करार करून मारता येईल. दूरच्या रुग्णांसाठी संरक्षण मंत्रालयाने मे २०२१ मध्ये सुरू केलेली ‘सेहत’ ही दूरसल्ला सेवा आहेच. पण पडद्यावरच्या डॉक्टरला रुग्णाचा पूर्वेतिहास कोणीतरी जुळवून द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप हुद्द्यांचा. ‘ऑफिसर इन चार्ज’च्या वर हा प्रमुख की खाली? उत्तर असे की दोघांची कामे वेगळी. दवाखाना चालवणे एकाचे, उपचार नीट होणे दुसऱ्याचे. लष्करी रुग्णालयातसुद्धा शस्त्रक्रिया कशी करायची हे हुद्दा ठरवत नाही.

या पदाची नेमणूक किमान तीन वर्षांची असावी, वर्षावर्षाच्या करारावर नसावी. आणि त्याच्याकडून मोजक्या गोष्टींचा हिशेब मागावा. रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात असलेले रुग्ण किती. मधुमेहींचे पाय आणि डोळे वर्षातून एकदा तपासले का. पाचहून अधिक औषधे घेणाऱ्या प्रत्येकाच्या औषधांची फेरतपासणी झाली का. नागपूरहून परतलेल्या रुग्णाचा कागद पॉलीक्लिनिकमध्ये वाचला गेला का. गोळीबाराच्या आवाजाने ऐकू कमी आलेले कान, झोप न लागणे, दारू आणि मनावरचे जुने घाव यांची विचारपूसही याच यादीत हवी. विधवा पत्नींची हाडांची, रक्तदाबाची आणि कर्करोगाची तपासणीही. हे आकडे वर्षातून एकदा पॉलीक्लिनिकच्या फलकावर लावावेत. चांगले असोत वा वाईट.

निर्णय दिल्लीत, माजी सैनिक कल्याण विभागात व्हायचा आहे. पण मागणी इथूनच गेली पाहिजे. अमरावती-अकोल्यातील माजी सैनिक संघटना औषध आणि बिलांसाठी निवेदने देतातच. पुढच्या निवेदनात एक ओळ वाढवायला हरकत नाही: आमच्या उपचारांची जबाबदारी कोणत्या डॉक्टरवर आहे, त्याचे नाव सांगा. आणि तोवर प्रत्येक माजी सैनिकाने एवढे करावे. पॉलीक्लिनिकला जाताना घरातली सगळी औषधे, मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्यावीत आणि डॉक्टरांपुढे रिकामी करावीत. उन्हाळा लागण्याआधी.