रंगाचा वास आणि शाळेचा पहिला दिवस



शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात वर्ग रंगवण्याची प्रथा आपण बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भिंत हाताला कोरडी लागली, तरी ऑईल पेंटमधील टर्पेंटाइनचा अंश पुढे कित्येक दिवस हवेत उडत राहतो. त्याने डोके दुखते, डोळे चुरचुरतात. दम्याच्या मुलांना तर फारच त्रास होतो. उदबत्तीने हा वास दडतो, जात नाही.

खरा उपाय वाऱ्याचा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, एकीत पंखा बाहेर तोंड करून लावावा. पण इंदूरला जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला की खिडक्या मिटतात, आणि दमट हवेत रंगही उशिरा वाळतो. म्हणून रंगकाम मे महिन्यातच उरकावे. छताला व वरच्या भिंतीला पाण्यात कालवायचा रंग पुरे. ऑईल पेंट मुलांचे हात लागतात तेवढ्या पट्ट्यालाच द्यावा. शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत असल्याचे डब्यावर पाहून घ्यावे. २०१७ पासून तसा नियमच आहे.

यासाठी निर्णय एप्रिलमध्येच व्हायला हवा. पहिल्या दिवशी भिंती चमकल्या नाहीत तरी चालेल, मुलांना मोकळा श्वास घेता आला पाहिजे.