जकातची साडी आणि रायगडचे पाणी

रमजान जवळ आला की कापड बाजारात एका खास मालाला उठाव येतो. त्याला बाजारात 'जकातची साडी' म्हणतात. भाव कमीत कमी आणि दोन धुण्यांत विरणारी. शेठ लोक ती आपल्या घरच्या बायकांना नेसू देणार नाहीत, पण वाटण्यासाठी गठ्ठेच्या गठ्ठे उचलतात. विकणारेही मुकाट्याने विकतात. हा विषय आज काढण्याचे कारण म्हणजे रॉनी स्क्रूवाला या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याने रायगड जिल्ह्यात उभे केलेले काम.

स्क्रूवाला ग्रँट रोडला वाढले. १९८१ च्या सुमारास त्यांनी कफ परेडच्या उंच इमारतींत केबल टीव्ही सुरू केला. घरात तेव्हा फक्त दूरदर्शन असे. तार ओढून चित्रपट दाखवायचे आणि महिन्याला पैसे घ्यायचे, ही कल्पनाच लोकांना अजब वाटली. इंग्लंडहून जुनी यंत्रे आणून त्यांनी टूथब्रशचा कारखानाही चालवला. १९९० मध्ये यूटीव्ही काढली. 'शांती' मालिका, पुढे 'स्वदेस', 'रंग दे बसंती' हे चित्रपट त्याच नावाने आले. मध्ये काही धंदे बुडाले. शेवटी २०१२ मध्ये कंपनी अमेरिकेच्या डिस्नेकडे गेली. सिनेमाचा धंदा आपल्या अनेक वाचकांना पसंत नसेल. तो मुद्दा वेगळा. इथे प्रश्न आलेल्या पैशाचे पुढे काय केले, एवढाच आहे.

पत्नी झरीना यांच्यासह त्यांनी स्वदेस फाउंडेशनचे काम महाड, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, तळा, पोलादपूर, सुधागड या तालुक्यांत नेले. उद्दिष्ट दहा लाख ग्रामीण माणसांचे. यातली म्हसळा-श्रीवर्धनची गावे म्हणजे आपल्या कोकणी मुसलमान बांधवांची जुनी वस्ती. जहाजावर आणि आखातात कमावलेल्या पैशाचे बंगले तिथे उभे आहेत. पावसाळ्यात छत गळेल एवढा पाऊस, पण एप्रिल-मे मध्ये बायकांच्या डोक्यावर हंडे. संस्थेने घरोघरी नळ, संडास, डोळ्यांची तपासणी, शेळीपालन, शिष्यवृत्ती अशी कामे एकदम हाती घेतली. मुख्य म्हणजे, फुकट दिले नाही. गावाची समिती बनवायची आणि कुटुंबाने आपला वाटा द्यायचा, पैशाने नाहीतर अंगमेहनतीने. स्वतःचा वाटा घातलेला नळ माणूस तुटू देत नाही, हे कुठल्याही दुकानदाराला समजावे लागणार नाही.

चीनमधले रन रन शॉ यांची रीतही काहीशी अशीच होती. शांघायच्या कापड व्यापाऱ्याचा हा सहावा मुलगा. भावांबरोबर सिंगापुरात सिनेमागृहे काढली, हाँगकाँगमध्ये शॉ ब्रदर्सचा मोठा स्टुडिओ उभारला, १९६७ मध्ये टीव्ही कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला. १९८५ नंतर त्यांनी चीनच्या शाळा-कॉलेजांना इमारती दिल्या. त्यातही सगळा खर्च ते उचलत नसत, तिथल्या सरकारलाही वाटा घालावा लागे. २०१४ मध्ये १०६ व्या वर्षी ते वारले.

आता कोणी म्हणेल, ही सगळी मोठ्या लोकांची गोष्ट झाली. पण सरकारने २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यासाठी सांगितले, तेव्हा किती गाजावाजा झाला! आपल्यावर तर अडीच टक्के, तेही नुसत्या नफ्यावर नाही, साठलेल्या मालमत्तेवर, चौदाशे वर्षांपासून फर्ज आहेत. रक्कम कमी नाही. ती चिल्लर करून उधळली जाते. एकेका दाराशी रांग, एकेक साडी, पुढल्या रमजानला तीच माणसे त्याच रांगेत. हजरत उस्मान (रजि.) हे व्यापारी होते. मदिनेत पाण्याची तंगी होती तेव्हा त्यांनी रूमा विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. घागरी वाटत बसले नाहीत.

आपल्या ट्रस्टमध्ये आणखी एक हट्ट दिसतो. पगारी माणूस ठेवायचा म्हटले की 'खैरातीच्या पैशात पगार कसला?' म्हणतात. वास्तविक जकातीच्या आठ मदांत ती गोळा करून तिची व्यवस्था पाहणाऱ्यांचा हिस्सा कुरआनानेच ठरवला आहे. स्वदेसचे काम पगारी, शिकलेल्या माणसांवर चालते. आमचे काम दुकान बंद केल्यावर, इशाच्या नमाजनंतर, थकलेल्या डोळ्यांनी होते.

मुंबईत आपल्याकडे हे कधी झालेच नाही असे नाही. मरहूम हाजी साबूसिद्दीक यांच्या पैशातून भायखळ्यात १९३६ साली उभ्या राहिलेल्या संस्थेतून पिढ्यान्‌पिढ्या कारागीर आणि इंजिनिअर बाहेर पडले.

रे रोड, भायखळा आणि मोहम्मद अली रोडच्या कापडवाल्यांनी येत्या रमजानपूर्वी एकत्र बसावे. साड्यांचा अर्धा पैसा बाजूला काढून म्हसळ्याचे एकच गाव तीन वर्षांसाठी घ्यावे. इतर बिरादरीची घरेही त्यात धरावीत. तिथे जकात सोडून इतर दान वापरावे की कसे, ते उलेमांना आधी विचारून घ्यावे. गावाचा वाटा पहिल्या दिवशीच ठरवावा. हिशेबाला एक पगारी मुनीम आणि पाण्याचे काम जाणणारा एक इंजिनिअर लागेल. इंजिनिअर शोधायला लांब जायला नको, साबूसिद्दीकमधला कोणीतरी भायखळ्यातच भेटेल.