"नुसता गॅस आहे काका, ड्रग नाही"

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांची मुलं पुण्यात शिकायला आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा ओळखीतला एक मुलगा परवा मला म्हणाला, "नुसता गॅस आहे काका, ड्रग नाही. दवाखान्यातपण देतात." विषय होता पार्टीत फुग्यात भरून ओढतात त्या नायट्रस ऑक्साइडचा. म्हणजे आपला हास्यवायू. पोरगं खोटं बोलत नव्हतं. ऑपरेशनला देतात, दाताच्या डॉक्टरकडेही देतात. पण तिथे सोबत ऑक्सिजन असतो आणि उशाशी भूलतज्ज्ञ.

आणि दवाखान्याचंच सांगायचं तर १९७८ साली लेझर नावाच्या अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञाने 'लॅन्सेट'मध्ये अशा १५ रुग्णांची नोंद केली, ज्यांच्या नसा या वायूने खराब झाल्या होत्या. त्यातले १४ जण स्वतः दंतवैद्य होते! ज्यांना सगळं कळत होतं, त्यांची ही गत.

होतं काय, तर बी-१२ जीवनसत्त्वाच्या मधोमध कोबाल्टचा अणू असतो. हा वायू नेमका त्यालाच निकामी करतो. नसांवरचं आवरण शाबूत राहायला बी-१२ लागतं. ते गेलं की आधी पायांना मुंग्या, मग कापसावर चालल्यासारखं वाटणं, अंधारात तोल जाणं. वेळेत वायू बंद करून इंजेक्शनं सुरू केली तर बरेच जण सावरतात. उशीर झाला तर काहींचं अधूपण कायमचं राहतं. फसवी गोष्ट म्हणजे रक्तात बी-१२चा आकडा नॉर्मलही येऊ शकतो, कारण ते असतं, फक्त कामाचं उरलेलं नसतं. होमोसिस्टीन तपासलं तर गडबड दिसते. बी-१२च्या गोळ्या घेत घेत फुगे ओढू, हा शहाणपणाही चालत नाही.

आता पुण्याकडे या. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासून २००६ साली निष्कर्ष छापले. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! शाकाहाऱ्यांना धोका चौपटीहून जास्त. माझंही तीन वर्षांपूर्वी कमीच निघालं होतं, मी तर घरचं वरणभात खाणारा माणूस. मग मेसच्या पोळीभाजीवर आणि वडापाववर जगणाऱ्या पोराच्या अंगात शिल्लक किती असणार? ज्याची टाकी आधीच तळाला आहे, त्याने हा खेळ खेळायचा?

ब्रिटनने ८ नोव्हेंबर २०२३ पासून नशेसाठी हा वायू जवळ बाळगणंच गुन्हा केला. आपल्याकडे एनडीपीएसच्या यादीत तो नाहीच, त्यामुळे त्या कायद्याखाली पोलिसाला हात लावता येत नाही. आठ ग्रॅमच्या नळकांड्या केकच्या क्रीमसाठी म्हणून ऑनलाइन मागवता येतात. दवाखान्यातला नायट्रस औषध, क्रीमचा नायट्रस खाद्यपदार्थात. गंमत बघा, महाराष्ट्रात अन्न आणि औषध ही दोन्ही खाती एकाच प्रशासनाकडे आहेत. एकच वायू, एकच ऑफिस. मग टेबलं दोन म्हणून कुणीच बघायचं नाही?

सरसकट बंदी घाला असं मी म्हणत नाही. बेकरीवाल्याच्या पोटावर पाय कशाला? पण खोके भरभरून हॉस्टेलच्या पत्त्यावर माल जात असेल तर घेणारा कोण, वय काय, एवढं तरी विचाराल की नाही? आणि डॉक्टर मंडळींनो, विशीतलं पोरगं पायाला मुंग्या येतात म्हणून आलं तर आईबापाला जरा बाहेर बसवा आणि फुग्याचं विचारा. समोर ते सांगणार नाही.

पुणे विभागात गेल्या तीन वर्षांत या नळकांड्यांच्या विक्रीची किती तपासणी झाली, असा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकतोय. उत्तर येईल ते जसंच्या तसं इथे टाकीन. तोवर तुमच्या पोराच्या हॉस्टेलवर काही दिसलं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. नाव गुप्त राहील.