झाकलेल्या जमिनीची राखण कोण करणार?

कारखाना बंद पडतो, यंत्रे भंगारात निघतात, कामगारांची देणी वर्षानुवर्षे कोर्टात अडकतात आणि जागा केव्हातरी विकली जाते. जमिनीत मुरलेली रसायने मात्र तिथेच राहतात. या वारशाकडे आपल्याकडे फार उशिरा लक्ष गेले. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केंद्र सरकारने अधिसूचित केले ते जुलै २०२५ मध्ये. देशात १०३ दूषित स्थळे निश्चित झाली असून जेमतेम सात ठिकाणी सफाईचे काम सुरू आहे, अशी त्या वेळची आकडेवारी होती. आता संशयित जागांची माहिती देण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर आहे आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसावा, हे तत्त्व नियमांत आले आहे. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत अनेक जागांचे आराखडे मंजुरीला येतील आणि त्यांत एक उपाय वारंवार दिसेल : दूषित माती न उचलता तिच्यावर डांबर, काँक्रीट किंवा चिकणमातीचे आच्छादन घालणे. हा उपाय शास्त्राला धरून आहे, तो सरसकट नाकारण्याचे कारण नाही. पण देखभाल चालू असेल तोवरच तो उपाय असतो. म्हणून देखभाल करणाऱ्याचे नाव, त्यासाठीचा पैसा आणि सरकारी दप्तरातली नोंद या तीन गोष्टी नसतील, तर कोणतेही आच्छादन मंजूर होता कामा नये.

आच्छादनाची कामे दोन. दूषित माती आणि धूळ माणसाच्या हातापायाला, नाकातोंडाला लागू न देणे हे पहिले, आणि पावसाचे पाणी त्या मातीतून झिरपून भूजलात किंवा खाडीत उतरू न देणे हे दुसरे. ही दोन्ही कामे पृष्ठभाग अखंड असेल तरच होतात आणि डांबर फार काळ अखंड राहत नाही. उन्हाने ते कडक होते, जड वाहनांखाली बारीक भेगा पडतात, भेगेत पाणी शिरले की खालचा थर बसतो आणि भेगेचा खड्डा होतो. अमेरिकेतील बाल्टिमोर बंदराच्या डंडॉक मरीन टर्मिनलवर तर हा हल्ला खालूनही होतो. तिथल्या सुमारे १४८ एकर जागेखाली क्रोमियमच्या कारखान्यातून निघालेला गाळ भराव म्हणून टाकलेला आहे. त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आहे, जे श्वासावाटे शरीरात गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. शिवाय पाणी लागले की हा गाळ फुगतो. वरचे डांबर उचलले जाते, त्याला उंचवटे येतात आणि त्या उंचवट्यांवर भेगा पडतात. म्हणजे भेगेतून शिरणारे पाणीच पुढच्या भेगेची तयारी करते. २००६ मध्ये मेरीलँड राज्याचे पर्यावरण खाते, बंदर प्रशासन आणि मूळ रासायनिक कंपनीची वारसदार हनीवेल यांच्यात कायद्याने बंधनकारक करार झाला. पृष्ठभागाची पाहणी, भेगा बुजवणे, उचललेले डांबर काढून नवे घालणे आणि भरावातून जाणाऱ्या पावसाळी गटारांना आतून अस्तर लावणे ही तिथे नेमून दिलेली कामे आहेत. त्याच डांबरावर मोटारी आणि जड यंत्रसामग्री उतरवली जाते, बंदराचा व्यवहार चालतो. वापर आणि सुरक्षितता एकत्र नांदू शकतात. फक्त देखभालीला सुट्टी नसते.

राखणदार नसला तर काय होते, हे नायगारा फॉल्स शहरातील लव्ह कॅनॉलने दाखवून दिले. हुकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात एका अर्धवट खोदलेल्या कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा टाकला, वर माती दाबली आणि १९५३ मध्ये ती जागा शहराच्या शिक्षण मंडळाला एका डॉलरला दिली. खाली रसायने असल्याचा इशारा खरेदीखतात होता. तरीही तिथे शाळा उभी राहिली, आजूबाजूला घरे झाली, रस्ते आणि मलवाहिन्या टाकताना झाकणाची माती खोदली गेली. पाणी आत शिरत राहिले आणि भरलेला कालवा कडेच्या घरांच्या तळघरांत पाझरू लागला. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली, शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. दूषित जागांच्या सफाईसाठी अमेरिकेने १९८० मध्ये ‘सुपरफंड’ कायदा केला, त्यामागे हे प्रकरण होते. लव्ह कॅनॉलचा कचरा आजही तिथेच आहे. त्यावर सुमारे ४० एकरांचे नवे आच्छादन आहे आणि झिरपणारे पाणी गोळा करून शुद्ध करण्याचे काम अजून चालू आहे. पहिल्या आणि दुसऱ्या आच्छादनातला सर्वांत मोठा फरक मातीच्या जाडीचा नाही. दुसऱ्याची जबाबदारी कोणाची हे कायद्याने ठरलेले आहे. पहिल्याच्या वेळी खरेदीखतातल्या एका परिच्छेदावर सगळे सोडून दिले होते.

दूषित माती खणून एकदाची बाहेर का काढू नये, हा रहिवाशांचा प्रश्न रास्त आहे. काही जागी तोच योग्य मार्ग असतो. न्यू जर्सीतील जर्सी सिटीत डंडॉकसारख्याच क्रोमियम कचऱ्याच्या एका जागेवर काही भागात काँक्रीट आणि डांबर, तर उरलेल्या भागावर प्लास्टिकचे आवरण घातले होते. तात्पुरता म्हणून केलेला हा उपाय वर्षानुवर्षे तसाच राहिला. अखेर २००३ मध्ये संघीय न्यायालयाने हनीवेलला कचरा खणून काढण्याचा आदेश दिला आणि २००५ मध्ये तो अपिलातही कायम राहिला. पण खणण्याने विष नाहीसे होत नाही, त्याचा पत्ता बदलतो. खणताना धूळ उडते, हजारो ट्रक वस्तीतून जातात आणि कोणत्या तरी दुसऱ्या गावाच्या वेशीवर तो कचरा पोहोचतो. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवला, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले. त्यांची भीती समजण्यासारखीच होती. तो तर बांधून ठेवलेला कचरा होता. लाखो टन दूषित मातीच्या बाबतीत अनेकदा जागेवरच बंदिस्त करणे हा कमी धोक्याचा मार्ग ठरतो. मात्र जर्सी सिटीचा निकाल बजावतो की, ‘तात्पुरते झाकू, पुढचे पुढे बघू’ अशी मोकळीक कोणालाही देऊ नये.

दुसरा आक्षेप उद्योग आणि बांधकाम क्षेत्राकडून येतो : कायमची देखभाल कोणाला परवडेल, आणि सातबाऱ्यावर अशी नोंद आली तर जमिनीला गिऱ्हाईक मिळेल का? याचे उत्तरही बाल्टिमोरमध्ये आहे. क्रोमियमचा मूळ कारखाना शहराच्या मध्यभागी, पाण्याच्या काठावर होता. तो १९८५ मध्ये बंद झाला. आज ती जागा हार्बर पॉइंट म्हणून ओळखली जाते आणि तिथे मोठ्या कंपन्यांच्या इमारती आहेत. इमारतींच्या पायाचे खांब (पाइल) आच्छादनातून खाली नेताना नियामकांची मंजुरी घ्यावी लागली, हवेतील धुळीवर लक्ष ठेवावे लागले. खालचे दूषित पाणी बाहेर पाझरू नये म्हणून पंप चालू ठेवावे लागतात. हे सगळे उघड असूनही जागेला मोल आले. ग्राहक घाबरतो तो अंदाज न येणाऱ्या धोक्याला. मोजलेल्या आणि कोणीतरी अंगावर घेतलेल्या धोक्याची तो किंमत करू शकतो. कंपनी बुडाली तर काय, ही शंका खरी आहे. म्हणूनच देखभालीची रक्कम मंजुरीच्या वेळीच वेगळ्या खात्यात ठेवून घ्यावी आणि तिच्या व्याजातून काम चालावे. कंपनीचे दिवस चांगले असतानाच हे करता येते. दिवाळखोरीच्या अर्जानंतर देणेकऱ्यांच्या रांगेत भेगा बुजवण्यासाठी कोणी पैसे राखून ठेवत नाही.

महाराष्ट्रासाठी हा विषय दूरचा नाही. मुंबई-ठाणे पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या जागी निवासी मनोरे उभे राहिले आहेत आणि राहत आहेत. अशा प्रत्येक जागेची माती दूषित असेल असे नाही. पण जिथे ती दूषित ठरेल, तिथे आच्छादनाची नोंद सातबाऱ्यावरील इतर हक्कांच्या रकान्यात आणि शहरात मालमत्ता पत्रकावर नकाशासह व्हावी. एमआयडीसीचे भूखंड भाडेपट्ट्याने दिलेले असतात आणि त्यांच्या हस्तांतरासाठी महामंडळाची संमती लागते, त्यामुळे तिथे ही अट पुढच्या धारकावर सहज बांधता येईल. आच्छादन म्हणजे काय, हेही आराखड्यात स्पष्ट हवे : पेव्हर ब्लॉक जमीन नीटनेटकी दाखवतात, पण त्यांच्या सांध्यांतून पाणी सर्रास खाली जाते. धरण सुरक्षा कायद्याने धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली आहे. चार महिन्यांत वर्षभराचा पाऊस झेलणाऱ्या आपल्या भूमीत आच्छादनांनाही तोच नियम लावावा आणि अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाने लोकांसमोर ठेवावा. सर्वांत आधी मात्र खोदकामाची परवानगी या नोंदीशी जोडली पाहिजे. गॅसचा पाइप, केबल किंवा जलवाहिनी टाकायला चर मारला जातो, तेव्हा वॉर्ड ऑफिसच्या कारकुनाला त्या जागेचा इतिहास ठाऊक नसतो आणि चरात उतरणाऱ्या रोजंदारीच्या मजुराला तर तो कोणीच सांगत नाही. घाईने बुजवलेल्या त्या चरातून पुढे पावसाळ्यामागून पावसाळा पाणी मुरत राहते.

अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, कंपन्यांचे मालक बदलतात, सोसायट्यांच्या कमिट्या बदलतात. जमिनीतल्या क्रोमियमला मात्र मुदत नसते. ज्यांनी त्या जमिनीतून नफा मिळवला आणि जे तिच्यावर पुन्हा मिळवणार आहेत, त्यांनीच तिच्या राखणीचा खर्च आधी मोजून द्यावा, हा साधा न्याय आहे. नव्या नियमांखालचे आराखडे अजून मंजुरीच्या टेबलावर यायचे आहेत. ही अट घालण्याची वेळ आत्ताच आहे, कारण डांबर पडून जागा विकली गेल्यावर ती घालायला समोर कोणी उरलेले नसते.