बिनबिघाडाचे भंगार

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ थांबविले. कोल्हापूर जिल्ह्यातील दूध संस्था, पतपेढ्या, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्यापुढे त्यामुळे नव्या प्रणालीकडे वळण्याचा प्रश्न उभा राहिला. या स्थित्यंतराचा एक उपेक्षित बळी म्हणजे जुना प्रिंटर. त्याचा एकही भाग मोडलेला नसतो, शाई संपलेली नसते. तरीही प्रणाली बदलताच तो मुका होतो. संगणकाची आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरविणारा ‘ड्रायव्हर’ नावाचा दुभाषा नव्या प्रणालीसाठी कोणी लिहिलेलाच नसतो.

हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न आहे असे समजून तो बाजूला सारता येणार नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटांच्या स्वरूपात मिळते. ३२ बिटांसाठी लिहिलेले जुने ड्रायव्हर तीत चालत नाहीत. कमी किमतीच्या अनेक लेझर प्रिंटरांत तर पानाची मांडणी करण्याचे कामही संगणकाकडेच सोपविलेले असते. असे यंत्र खरेदीच्या दिवशी स्वस्त पडते, पण जन्मभर परावलंबी राहते. उत्पादकांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्फत पुरविण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केले. नव्या प्रिंटरांसाठी सामायिक ड्रायव्हरची सोय आहे; जुन्यांच्या नशिबी उत्पादकाची मर्जी आहे.

जुने ड्रायव्हर सुरक्षिततेला धोकादायक असतात, हा कंपन्यांचा युक्तिवाद निराधार नाही. २०२१ साली ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने गाजलेला दोष विंडोजच्या छपाई व्यवस्थेतच निघाला होता. परंतु धोका दूर करण्याचा मार्ग चालते यंत्र भंगारात काढण्याचा असू शकत नाही. ज्या यंत्राचे पाठबळ कंपनी सोडून देते, त्याच्या भाषेचा तपशील तिने खुला करावा. म्हणजे दुरुस्तीचे काम इतरांना करता येईल.

कोल्हापूरला हे तत्त्व नवे नाही. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनी याच शहरात चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला. शिवाजी उद्यमनगराने ऑइल इंजिने आणि त्यांचे सुटे भाग बनविण्यात लौकिक मिळविला. यंत्र उघडता येत होते, म्हणूनच कारागीर त्याचा धनी होऊ शकला. आजचे कुलूप धातूत नाही. ते कानशीने निघत नाही. पेंटर यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’मधून शेतकऱ्याची जमीन कर्जापायी कशी जाते हे दाखविले. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर दुसऱ्याचीच सत्ता चालावी, हा त्याच पाशाचा नवा अवतार होय.

या पाशाविरुद्धच्या लढ्याची सुरुवातही एका प्रिंटरपाशीच झाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करावयाची होती. त्याची मूळ संहिता त्यांना नाकारण्यात आली. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ‘जीएनयू’ प्रकल्प जाहीर केला. या मुक्त प्रणालीच्या परंपरेतील लिनक्सवर आज कित्येक जुने प्रिंटर चालतात, कारण स्वयंसेवक प्रोग्रॅमरांनी त्यांची भाषा उलगडून ड्रायव्हर लिहिले. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली वर्षानुवर्षे वापरून दाखविली आहे.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. तिच्यापुढे शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे होती. कार्यालयीन यंत्रे आणि त्यांचे प्रोग्रॅम यांनाही हाच हक्क लागू झाला पाहिजे, अशी मागणी आता नेटाने मांडावयास हवी.

पण कायद्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. संस्थांचे सभासद असलेल्या कार्यकर्त्यांनी वार्षिक सभेत हा विषय काढावा. प्रणाली बदलण्यापूर्वी प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावर उपलब्ध आहे की नाही, हे तपासून घ्यावे. अनोळखी ठिकाणाहून ड्रायव्हर उतरवून हिशेबाचे संगणक धोक्यात घालू नयेत. पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट किंवा डॉट मॅट्रिक्सची ईएससी/पी यांसारखी सर्वमान्य भाषा जाणणाऱ्या यंत्रांना पुष्कळदा सामान्य ड्रायव्हरही पुरतो. नव्या खरेदीच्या निविदेत हीच अट घालावी. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या मदतीने एखाद्या संगणकावर लिनक्सचा प्रयोग करून पाहावा.

सभासदांच्या दुधाच्या पैशातून घेतलेले यंत्र केव्हा निकामी ठरवायचे, याचा निर्णय सभासदांचाच असला पाहिजे. तो दूरच्या कंपनीच्या दप्तरात होत असेल, तर सहकाराची मालकी केवळ खरेदीच्या पावतीपुरतीच उरते.