परतीचा दोर

सिंहगडावर तानाजी पडल्यानंतर सूर्याजीने परतीचे दोर कापून टाकले आणि पळू पाहणाऱ्या मावळ्यांना लढण्यावाचून गत्यंतर ठेवले नाही, ही कथा आपण बालपणी इतक्या अभिमानाने ऐकलेली असते की, माघार या शब्दाला चिकटलेला नामुष्कीचा वास पुढे आयुष्यभर जात नाही. आणि संगणकाच्या कारभारात, जिथे माघार हे नित्याचे शहाणपण आहे, तिथेही आपण दोर कापण्यातच पुरुषार्थ मानू लागलो आहोत, अशी माझी तक्रार आहे.

कर्नल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि नेटवर्क यांवर हुकमत चालते ती त्याची. लिनस टोरवाल्ड्स याने हेल्सिंकीत विद्यार्थिदशेत १९९१ साली जगापुढे ठेवलेल्या लिनक्स कर्नलवर आज असंख्य सर्व्हर चालतात. त्याच्या नव्या आवृत्त्या सुरक्षेची छिद्रे बुजवतात, म्हणून त्या बसवण्याचे फर्मान रास्तच. परंतु नवे ते निर्दोष, हा समज मात्र भाबडा. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या, सावधपणाबद्दल ख्यात असलेल्या मंडळींना आपली १२.३ ही आवृत्ती ऐनवेळी रोखून धरावी लागली, कारण तिच्यातील ६.१.६४ या कर्नलमध्ये ईएक्सटी४ पद्धतीच्या डिस्कवरील मजकूरच बिघडू शकेल असा दोष निघाला. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त कर्नलसह १२.४ बाहेर पडली. त्याआधी, जानेवारी २०१८ मध्ये, मेल्टडाउन या प्रोसेसरमधील सुरक्षादोषावरचा इलाज म्हणून घाईने आलेल्या एका कर्नलने उबुंटू १६.०४ ची काही यंत्रे मुळी उठेनाशीच केली होती.

गेल्या पावसाळ्यात एका लहान पतसंस्थेच्या, मुंबईत भाड्याच्या जागेत ठेवलेल्या सर्व्हरवर नवा कर्नल चढल्यापासून रात्रीचा बॅकअप मध्येच अडकू लागला, तेव्हा जुन्या कर्नलवर परतण्याचे काम मी पुण्यात माझ्या खोलीत बसून केले. यंत्र समोर असते तर सुरू होताना दिसणाऱ्या, कर्नल चढवणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या यादीतून जुना कर्नल निवडणे हा क्षणाचा खेळ होता. पण दूरच्या यंत्राची ती यादी बंद खोलीत, कोणी न पाहता, काही सेकंदांत विरून जाते. म्हणून निवड आधीच लिहून ठेवावी लागते, आणि तीही कायमची नव्हे: ग्रब-रीबूट ही आज्ञा ती पुढच्या एका आरंभापुरतीच नोंदवते, आणि कर्नल कोसळल्यास दहा सेकंदांनी आपणहून पुन्हा सुरू व्हावे अशी ताकीद जोडून दिली की, फसलेले यंत्र निदान आजारी पण जिवंत अशा कर्नलवर परतते. अर्थात यंत्र न कोसळता नुसते मुके राहिले, नेटवर्क कार्डच त्याला ओळखता आले नाही, तर हा सारा बंदोबस्त व्यर्थ, आणि वेगळ्या वाटेने पोहोचणारा कन्सोल किंवा तिथला रात्रपाळीचा माणूस यांचीच मनधरणी करावी लागते. आपण योग्य त्याच यंत्रावर आहोत ना, हे मी तीनदा तपासले (ज्याने एकदा चुकीचे यंत्र बंद केले आहे तो या तीनदाला हसणार नाही) आणि एंटर दाबले. जोडणी तुटली. पिंगच्या ओळी निरुत्तर सरकत राहिल्या, चहावर साय धरली, आणि पाचव्या मिनिटाला पहिले उत्तर आले. आत शिरून विचारले तर आकडा जुन्याच कर्नलचा.

तो जुना कर्नल तिथे शाबूत होता, हे माझे कर्तृत्व नव्हे. बहुतेक वितरणे मागचा कर्नल आपणहून राखतात, रेड हॅटच्या घराण्यातील तर साधारणतः तीन. पण बूटचा विभाग लहान, तो भरला की कोणीतरी जागा मोकळी करण्याच्या उत्साहात नेमके तेच उडवतो, आणि स्वच्छतेच्या नावाखाली दोर कापला जातो. जुन्या कर्नलमधली छिद्रे जगजाहीर असतात, आणि ती यादी चोरही वाचतात, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच माघारीला मुक्काम म्हणावे, वस्ती नव्हे, आणि जुना कर्नल रोखून धरला की रोख उठवण्याची तारीख त्याच दिवशी दप्तरात लिहावी. परंतु जो वरिष्ठ अद्ययावत होण्याचा हुकूम काढतो, त्याने त्याच कागदावर हेही विचारले पाहिजे की, बिनसल्यास कोणत्या कर्नलवर परतणार आणि ते परतणे शेवटचे कधी करून पाहिले होते.

पंधरवड्याने पतसंस्थेच्या तपासनिसांचा तक्ता आला. कर्नलपुढे दोनच रकाने होते, ‘अद्ययावत’ आणि ‘प्रलंबित’. मी दुसऱ्यात खूण केली, पुऱ्या झालेल्या बॅकअपच्या वेळा सोबत जोडल्या, आणि पाहिले तर तिसरा रकाना आखण्याइतकी जागा समासात सहज होती.